काळतोंडे वेगळे, लालतोंडे वेगळे. उपायही वेगळेच हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

होळी सरली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या पानांवर 'माकडांचा उच्छाद' या मथळ्याच्या बातम्या सुरू होतात. रावेर-यावलची केळी, शहाद्याची पपई, गावातली कौले, पाण्याच्या टाक्या, सगळीकडून तक्रारी येतात आणि त्या खऱ्याही असतात. पण मजकुरात लाल तोंडाच्या माकडांचे वर्णन आणि शेजारी काळतोंड्या वानराचे छायाचित्र, असे वारंवार दिसते. ही चूक किरकोळ नाही. या दोन प्राण्यांचे पोट, हात आणि कळपाची रीत इतकी निराळी आहे की एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर वाया जातो, कधी उलटतोही.

दोघेही प्रायमेट, म्हणजे नरवानर गणातले. हे नाव स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली दिले. समोर रोखलेले डोळे, इतर बोटांना भिडणारा अंगठा, नख्यांऐवजी चपटी नखे, शरीराच्या मानाने मोठा मेंदू, एका वेळी बहुधा एकच पिल्लू आणि त्याचे लांबलेले बालपण ही या गणाची ओळख. आशिया-आफ्रिकेतल्या माकडांचे दातही आपल्यासारखेच ३२. या माकडांच्या कुळात दोन उपकुळे आहेत आणि आपले दोन प्राणी नेमके त्या दोन उपकुळांत विभागलेले आहेत. त्यांच्या वाटा फुटून दीड कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा फुटल्या त्या साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे काळतोंड्या आणि लालतोंड्या यांच्यातले अंतर आपल्या आणि चिंपांझीच्या अंतराच्या दुपटीहून जास्त आहे. सातपुड्यातले कोणतेही माकड आपले पूर्वज नाही, हेही जाता जाता सांगायला हवे. त्यांचा आणि आपला समान पूर्वज अडीच ते तीन कोटी वर्षांमागे होऊन गेला.

आता पोटाकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे. काळतोंड्या वानराचे जठर कप्प्यांचे असते. पुढच्या कप्प्यात जिवाणू पाल्यातला तंतुमय भाग कुजवतात आणि मागच्या भागात त्या जिवाणूंचेच पचन होते. गाई-म्हशीतही हेच घडते, फरक एवढाच की वानर रवंथ करत नाही. या साम्याचा पुरावा रेणूंच्या पातळीवरही मिळाला आहे. जिवाणू फोडणारे लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) वानर आणि गाय दोघांच्याही जठरात काम करते, आणि दोन अगदी वेगळ्या वंशांत त्या विकरात काही सारखेच बदल स्वतंत्रपणे झाले, असे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. उत्क्रांतीत एकाच अडचणीला दोनदा एकच उत्तर सापडल्याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून मिळणार नाही, आणि ते आपल्या गावच्या पिंपळावर बसलेले असते.

याचा व्यवहारातला अर्थ प्रत्येक पशुपालकाला चटकन कळेल. गाईने धान्याच्या पोत्यात तोंड घातले तर काय होते? पिष्ट आणि साखर झपाट्याने आंबते, आम्ल वाढते, जिवाणू मरतात, पोट फुगते. पाटणादेवी, मनुदेवी, तोरणमाळ किंवा औट्रम घाटात बिस्किटांचे पुडे, पाव आणि वेफर्स वानरापुढे टाकणारा भाविक नेमके हेच करत असतो. दान म्हणून दिलेले ते अन्न त्याच्या पोटासाठी बनलेलेच नाही. शिवाय गाडी थांबली की खायला मिळते हे एकदा शिकलेली टोळी रस्त्यावर ठाण मांडते आणि चाकाखाली जाते, त्यातही पिल्ले आधी.

लालतोंड्याचे जठर आपल्यासारखे साधे असते. त्याची ताकद गालात आहे. खालच्या दातांच्या बाजूला दोन पिशव्या असतात आणि त्यांत जवळजवळ पोटात मावेल तेवढा ऐवज काही क्षणांत कोंबता येतो. तो शेतात किंवा ओट्यावर झडप घालतो, गाल भरतो आणि सुरक्षित जागी जाऊन निवांत खातो. वानराला ही सोय नाही, त्याला जागेवर बसूनच खावे लागते. म्हणून वानराची टोळी शेतात शिरताच पहिल्या पाच मिनिटांत हुसकावली तर नुकसान खरोखर वाचते. लालतोंड्यांच्या बाबतीत तुम्ही पोचेपर्यंत माल गेलेला असतो. तिथे बांधावरची राखण आणि माल उघड्यावर न ठेवणे हेच उपयोगी.

हातांचेही तसेच. वानराचा अंगठा आखूड आणि चार बोटे लांब असतात. फांदीला आकडा टाकायला ही रचना उत्तम, पण बारीक वस्तू चिमटीत धरायला कमी पडते. लालतोंड्याचा अंगठा चांगला भिडतो. तो भुईमूग उपटून शेंगा वेचतो, डब्याची झाकणे काढतो, नळ फिरवतो. टाकीच्या झाकणावर विटा ठेवून वानर बहुधा थांबेल, लालतोंड्यासाठी कडी आणि खिळच हवी.

लालतोंडेही आपल्याकडे एकाच जातीचे नाहीत. ऱ्हीसस माकड उत्तरेकडचे आणि टोपी माकड दक्षिणेकडचे. पश्चिम भारतात या दोघांमधली सीमा म्हणून प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तापी नदी दाखवली जाते. आपल्या दारातली नदी दोन जातींची सरहद्द आहे, हे खान्देशातल्या शाळांमधून शिकवले जावे असे मला मनापासून वाटते. ऱ्हीससची शेपटी धडाच्या निम्म्याइतकी आणि मागच्या अंगाची लव तांबूस-नारिंगी. टोपी माकडाची शेपटी धडाइतकी किंवा त्याहून लांब, आणि डोक्यावर मधून फुटलेल्या केसांची टोपी. गेल्या काही दशकांत ऱ्हीससने ही रेषा ओलांडून दक्षिणेकडे पाय पसरल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच छायाचित्र काढताना शेपटी चौकटीत यायला हवी. कायद्यातही फरक आहे: वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर ऱ्हीसस संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीबाहेर गेले, टोपी माकड मात्र सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जात न ओळखता पिंजरा लावणारा नकळत गंभीर गुन्हा करून बसू शकतो.

मार्च ते मे या काळातच वानरे खाली का उतरतात? सातपुड्याचे जंगल पानगळीचे. साग आणि सालई उघडे पडतात, अंजनही काही काळ निष्पर्ण होतो, पाणवठे आटतात. एरवी कोवळ्या पाल्यातून मिळणारे पाणीही कमी होते. त्याच वेळी ओलिताखालची केळी, गावातला पिंपळ, कडुनिंब हिरवेगार असतात. पिंपळाची, कुसुमाची आणि मोहाची नवी पालवी तांबूस असते. वानराला आपल्यासारखी तीन रंगांची दृष्टी असल्याने ती हिरव्यातून लांबूनच वेगळी दिसते. बहुतेक सस्तन प्राण्यांना, आपल्या कुत्र्याला आणि गाईलाही, लाल-हिरव्यातला हा फरक नीट कळत नाही.

हीच दृष्टी बुजगावण्याला निकामी करते. वानर रंग ओळखते, खोली ओळखते आणि जे हलत नाही ते निरुपद्रवी आहे हे चार-दोन दिवसांत शिकते. बुजगावणे, चमकणाऱ्या पट्ट्या, फटाक्यांचा आवाज यांतले काहीही एकाच जागी ठेवले तर आठवड्याच्या आत त्याचा धाक संपतो. दर दोन-तीन दिवसांनी जागा आणि प्रकार बदलला तरच उपयोग. उलट रात्रीच्या अंधारात या माकडांना आपल्याइतकेच कमी दिसते. ती रात्री उंच झाडावर झोपतात. म्हणून रात्रीत पीक उद्ध्वस्त झाले असेल तर रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) शोधावे, फळे कुरतडलेली असतील तर वटवाघूळ. वानरासाठी राखण उजाडल्यापासून दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत चोख असावी. मधल्या वेळेत टोळी पाला पचवत सावलीत बसते, तेव्हा राखणदारानेही जेवून घ्यावे.

झटका मशीनच्या कुंपणावर अनेकांचा पैसा वाया गेला आहे, त्याचे कारण साधे आहे. प्राण्याचे पाय जमिनीवर आणि अंग तारेला असेल तेव्हाच झटका बसतो. डुकराचे तसे होते. वानर झाडावरून किंवा खांबावरून तारेवर येते, त्याचा जमिनीशी संबंधच नसतो, मग प्रवाह कुठून वाहणार? त्यासाठी एक तार प्रवाहाची आणि एक अर्थिंगची अशी आळीपाळीने, वीतभर अंतराने ओढावी लागते, म्हणजे दोन तारा एकाच वेळी धरल्या जातात. लाकडी खांब चढायला सोपे असतात, म्हणून खांबही तारांच्या आतल्या बाजूला घ्यावेत. वानर आडवी उडी साधारण साडेचार मीटर मारते आणि उंचावरून खाली तर त्याहून पुष्कळ लांब. तेव्हा कुंपणापासून आणि घराच्या छतापासून निदान पाच मीटरपर्यंतच्या फांद्या छाटाव्यात. झाड तोडण्याची गरज नसते. घरची वीज थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मेली आहेत. जंगलाकडच्या बांधाला मिरची किंवा हळद घेतली तर टोळीला आत शिरण्याचे आकर्षण कमी होते, पण आतल्या केळीचा घड दिसत असेल तर एवढ्यावर विसंबू नये.

सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे ते पकडण्याबद्दल. गावात ठराव होतो, पकडणारे बोलावले जातात आणि जो सर्वांत दांडगा दिसतो तो हुप्प्या, म्हणजे टोळीचा प्रमुख नर, नेला जातो. वानरांची टोळी बहुतेक वेळा एका हुप्प्याची असते आणि भोवती नरांचे वेगळे टोळके फिरत असते. हुप्प्या गेला की ते टोळके चाल करून येते, मारामाऱ्या गावातच होतात, आणि नवा नर आधीच्या नराची अंगावर पिणारी पिल्ले अनेकदा मारून टाकतो. हे वर्तन १९६० च्या दशकात धारवाडला सुगियामा या जपानी संशोधकाने नोंदवले, पुढे अबूच्या पहाडातही त्याचा अभ्यास झाला. पिल्लू दूध पीत असेपर्यंत मादी सहसा माजावर येत नाही, ते मेले की लवकर येते. म्हणजे एक नर नेऊन टोळी कमी होत नाही. अस्वस्थता वाढते आणि पुढच्या विणी लवकर येतात. नेलेला हुप्प्या ज्या गावाजवळ सोडला जातो, त्या गावाचेही तेच होते. पकडणे अटळच असेल तर ते वनविभागाच्या लेखी परवानगीने, जात आणि टोळीची रचना नोंदवूनच व्हावे.

चाव्याबद्दलही चुकीचे समज आहेत. ऱ्हीससने आवाज न करता दात विचकले तर ते बहुधा भीतीचे लक्षण असते. डोळे रोखून, तोंड उघडे ठेवून पाहणे ही धमकी. म्हणून त्याच्याकडे टक लावून पाहू नये, हातात प्लास्टिकची पिशवी ठेवू नये, आणि पिल्लाजवळ तर जाऊच नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, हळद, चुना, तिखट काही लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करावी.

आपल्या बातमीदारांना एवढीच विनंती की यापुढे प्रत्येक बातमीत तोंडाचा रंग, शेपटीची लांबी, टोळीतली अंदाजे संख्या आणि नुकसानीची वेळ या चार गोष्टी अवश्य लिहाव्यात. उन्हाळाभर अशा नोंदी आल्या तर तापीच्या दोन्ही काठांवर कोण कुठवर पोचले आहे याचा नकाशा आपल्याच अंकांतून तयार होईल, आणि वनविभागालाही तो कामी येईल.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक शिक्षक
चोपडा, जि. जळगाव