शेवंतीला कळी आली

प्रिय सुमन,

चतुर्थीपासून लिहीन लिहीन म्हणते आणि मार्गशीर्ष उजाडला. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच बोलतेस. माझे गुडघे आहेत तसेच, ह्यांची साखर ताब्यात. झालं.

तुमच्या घराचा व्यवहार झाला तेव्हा विहिरीकडचं माईच्या शेवंतीचं बेट मी कुदळ घालून काढून आणलं होतं ना, त्याची गोष्ट. दुसऱ्याच दिवशी जेसीबी आला. फुटवे वेगळे करून कुंड्यांत लावले, पावसाळाभर वळचणीखाली ठेवले (आपल्या पावसात मुळं कुजायला कितीसा वेळ लागतो), शेंडे खुडले, माव्यावर चुलीतली राख मारली. झाडं अशी माजली की बघत राहावं. पण कळी? दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, कळीचा पत्ता नाही. शेवटी फोंड्याच्या बाजारातून वेण्या विकत आणल्या, आणि मेल्याने भाव काय लावला!

त्यात शेजारची वैनी म्हणते, "ही शेवंती न्हय गो, नागदवणो." मला रात्रभर झोप नाही. माईचं म्हणून मी रान वाढवत होते की काय? पानं तशीच कातरलेली, चुरगळली की तसाच उग्र वास. मग वैनीच्याच परसातलं नागदवण्याचं पान आणलं आणि दोन्ही उलटी करून बघितली. तिचं खालून पांढरंफटक, लोकर चिकटवल्यासारखं. आपलं नुसतंच फिकट, करडं-हिरवं. तिच्या हातावर ठेवली दोन्ही. गप्प झाली, तरी "फूल येऊं दी" म्हणालीच.

आणि काल काय झालं! जागा नाही म्हणून गोठ्यामागे ढकललेली एक कुंडी, तिच्या शेंड्यांवर मोहरीएवढ्या कळ्या! पुढे गडग्याकडे असलेल्या एकीवरही नाही. माती तीच, शेण तेच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोही पंचायतीच्या नव्या एलईडीचा. गडग्यावर रात्रभर जळतो मेला. शेवंतीला सलग लांब काळोख लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस १३ तासांचा, डिसेंबरात सव्वाअकराचा. रात्र लांबली की ती कळी धरते, मध्ये उजेड आला की सगळा हिशेब चुकतो. फूलशेतीवाले तर फुलं लांबवायला मुद्दाम रात्री दिवे लावतात. चैलाख्यान म्हणून एक सोव्हिएत शास्त्रज्ञ होता, त्याने १९३० च्या दशकात शेवंतीवरच दाखवलं की रात्र ओळखतात ती पानं, शेंडा नव्हे. म्हणजे नुसता शेंडा झाकून भागायचं नाही. आता मी संध्याकाळी सहाला कुंड्यांवर काळं प्लास्टिक घालते, सकाळी सातला काढते. हे म्हणतात, एवढ्यात कोंबड्या पाळल्या असत्यास तर अंडी तरी मिळाली असती.

दिव्याला एका बाजूने पत्रा लावा, म्हणून पंचायतीतही जाऊन आले. "फुलांक न्हीद येना?" म्हणून सगळे हसले. हसू देत.

शाळेत बाईंनी शेवंतीच्या पाकळ्या मोजायला सांगितल्या, तर तू म्हणालीस, पाकळी कसली, एकेक म्हणजे स्वतंत्र फूल! आणि वर्गाबाहेर उभी राहिलीस. बरोबर होतीस बाई, मधल्या त्या बारीक पिवळ्या नळ्यासुद्धा फुलंच. पण माईची शेवंती पांढरी होती, हे मी अजून मानत नाही. पिवळीच. पौषात निकाल लागेल. पैज पूर्वीचीच.

तुझ्या बदलीचं काय ठरलं? धाकट्याचं दाढीचं खूळ उतरलं का? जत्रेला येणार असशील तर आधी कळव. एक फुटवा तुझ्यासाठी बाजूला ठेवलाय. पण तुझ्या बाल्कनीसमोर रस्त्याचा दिवा आहे का, ते आधी बघून सांग.

तुझी,
नलू