रात्री सव्वादहाच्या त्या मेसेजसाठी, ताई

ताई, नाव लिहिलं तर तुम्ही रागवाल म्हणून लिहीत नाही, पण वाचलंत की कळेलच कोणाला म्हणतोय ते.

3 आठवडे एका आकड्यापायी माझी झोप उडाली होती. ॲडम्समध्ये (यंत्रांची हालचाल तपासायचं सॉफ्टवेअर) गाडीच्या डबल विशबोन सस्पेन्शनचं मॉडेल, एक मार्कर (म्हणजे तीन अक्ष दाखवणारी खूण) नकलवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, एक चॅसीवर, आणि दोघांमधला एक्स अक्षाभोवतीचा कोन म्हणजेच कॅम्बर (समोरून बघताना चाक आत-बाहेर किती कललंय ते) असं समजून मी बिनधास्त तो कोन देणारं एएक्स फंक्शन लावलेलं. चाक सरळ असेपर्यंत ठीक, स्टिअरिंग मारून चाक 30 अंश वळलं की कॅम्बर भलतीकडेच पळायचा. गाइडना विचारलं तर म्हणे मेश फाइन कर. अहो सर, मेश म्हणजे वाकणाऱ्या पार्टचे पाडलेले बारीक तुकडे, इथे सगळे पार्ट रिजिड आहेत, मेश आहेच कुठे! ज्या क्लासला फी भरली तिथे म्हणाले टाइम स्टेप कमी कर, आणि एका सीनियरने फक्त "रेडियनचे डिग्री केलेस ना?" एवढं विचारलं आणि चहाला गेला. (केले होते.)

तुम्ही मात्र काड्यापेटी घेतलीत, तिच्यावर पेनाने तीन बाण काढलेत, आधी एक्सभोवती 90 मग झेडभोवती 90 फिरवली, नंतर तेच उलट्या क्रमाने, आणि पेटी दोन्ही वेळा वेगळ्याच तोंडाने उभी राहिली. एएक्स बाकीच्या दोन अक्षांभोवती काही फिरलंच नाही असं धरून चालतं, माझं चाक तर चांगलं वळलेलं, म्हणून कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे असलेला तिरपेपणा कॅम्बरमध्ये घुसत होता. मग चाकाच्या अक्षावर, नकलवरच्या मार्करपासून 100 मिमी बाहेर अजून एक मार्कर, या दोघांच्या उंचीतला फरक भागिले 100, त्याचा साइन इन्व्हर्स. झालं काम.

पण खरं पत्र त्यासाठी नाहीच. रात्री सव्वादहाला तुमचा मेसेज आला, "दुपारी मी म्हटलं ना की मार्करची अदलाबदल केली तर फक्त चिन्ह बदलतं, ते एकाच प्रतलातल्या फिरण्याला खरं, थ्रीडीत आकडाही बदलतो. माझं चुकलं, सॉरी." मला ती अदलाबदल करायचीच नव्हती हो, तुम्ही तसं म्हणाला होतात हेही मी विसरलो होतो! गप्प बसला असतात तरी कोणाला कळलं नसतं. कॉलेजच्या इतक्या वर्षांत शिकवणाऱ्याने स्वतःहून "माझं चुकलं" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, तेही माझ्यासारख्या कालच्या पोराला. हुशार माणसं पैशाला पासरी मिळतात, घरी जाऊन जेवण झाल्यावर आपलंच बोलणं परत तपासणारी कुठून आणायची.

काड्यापेटी माझ्याकडेच आहे, देणार नाही. आणि रिपोर्टमध्ये मेश फाइन केल्याचं एक वाक्य टाक असं गाइड अजून म्हणतायत, त्यांना काय सांगू तेवढं सांगा.