हात मागे बांधून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशिराचं कारण तू ओळखलंच असशील, गाई विण्याचे दिवस आहेत. पत्र कोटाच्या खिशात घेऊन फिरत होतो, त्याच्या घड्या आता शेणामातीने काळ्या पडल्यात. आज सकाळपासून बर्फ पडतोय. गाई झाडांच्या आडोशाला रवंथ करत बसल्यात आणि ही शेगडीजवळ खुर्चीतच झोपी गेली आहे. म्हणून लिहायला बसलो.

तू विचारलंस, "निवृत्त झालात, तर मग डोंगर का सोडत नाही?" शेजारचं घर रिकामं आहे, येऊन राहा, असंही लिहिलंस. ते वाचून ही बराच वेळ गप्प होती. तुझ्या शब्दांमागची माया आम्हाला कळते, म्हणूनच उत्तर सविस्तर द्यावंसं वाटलं.

आमचं निवृत्त होणं अर्धंच आहे. एके काळी १२० गाई होत्या. त्यातल्या ४० आम्ही ठेवल्या, बाकीच्या आणि वरची कुरणं त्या तरुण जोडप्याकडे दिली. मागे तुला त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. दोघंही कष्टाळू आहेत, जनावराला जीव लावणारी आहेत. माझे गुडघे आता घोड्यावर चढू देत नाहीत. हिच्या बोटांत संधिवात शिरलाय, थंडीत मूठ वळत नाही. तेव्हा अवघड कामं त्यांची आणि रोजची आमची, अशी वाटणी ठरली. कागदावर ती सोपी दिसते.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो. उठल्यावर पहिलं काम पाण्याचं. हौदावर रात्रीत जाड बर्फ धरतो, तो कुऱ्हाडीने फोडायचा आणि तुकडे बाहेर काढून टाकायचे, नाहीतर तासाभरात पुन्हा सांधतो. बर्फ चाटून गाईची तहान भागते असं अनेकांना वाटतं. थोडी भागतेही, पण थंडीतसुद्धा मोठ्या गाईला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. पाणी कमी पडलं की ती चारा कमी खाते आणि चारा कमी पडला की अंगातली ऊब जाते. म्हणून माझ्या लेखी कुऱ्हाड हे इथलं सर्वांत महत्त्वाचं अवजार आहे.

चारा मात्र आम्ही संध्याकाळी टाकतो. ही युक्ती कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या गस कोनेफाल या पशुपालकाची. १९७०च्या दशकात त्याच्या लक्षात आलं, की गाईंना रात्री उशिरा खायला घातलं तर बहुतेक जणी दिवसाउजेडी वितात. नंतर इतरांनीही ते करून पाहिलं. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून रात्रीची जागरणं निम्म्यावर आली. सगळी टळत नाहीत, आणि अडलेली गाय नेमकी रात्रीच अडते, पण उजेडात जन्मलेल्या वासराला ऊन मिळतं. या उंचीवर तेवढ्याने जीव वाचतो.

गाय सरासरी २८३ दिवस गाभण असते. आपण माणसांबद्दल 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतो ना, तो हिशेब गाईला अगदी दिवसावर लागू पडतो. हिच्या वहीत प्रत्येकीची तारीख आहे. कोण चार दिवस आधी वितं, कोण व्यायल्यावर अंगावर धावून येतं, कोणाच्या मागच्या डाव्या सडाला दूध कमी, सगळं. एकतीस वर्षांच्या वह्या आहेत. ती पोरगी, म्हणजे त्या जोडप्यातली, दर रविवारी एक वही नेते आणि पुढच्या रविवारी परत आणते. न चुकता.

गेल्या शरद ऋतूत एका गोष्टीवरून आमचं त्यांच्याशी जरा वाजलं. त्या जोडप्यातल्या मुलाने खालच्या मैदानी भागातला एक वळू पसंत केला होता. देखणा होता, पाठ सरळ, चाल डौलदार. मी नाही म्हटलं. त्याला वाटलं, म्हातारा पैसे मोडायला नको म्हणतोय. मग त्याला आमच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगावी लागली. तीही कधी कोणाला सांगितली नव्हती, तुलासुद्धा नाही.

त्या वर्षी आम्हीही असाच खालून एक वळू आणला होता. हे घर २,३०० मीटरवर आहे. इथल्या विरळ हवेत फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाला रक्त ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. काही जनावरांना तो ताण झेपतच नाही. दोन महिन्यांत त्या वळूच्या गळ्याखालची पोळी सुजली, मग छातीपर्यंत पाणी उतरलं. तो कळपापासून लांब, कोपरे बाहेर काढून उभा राहायचा. कशामुळे हे आम्हाला कळलं नाही, अपचन समजून आम्ही औषधं देत राहिलो. एका सकाळी तो ओढ्याकाठी पडलेला सापडला. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरांत या रोगाचं शास्त्रीय वर्णन १९१५ सालीच झालं होतं, आणि आम्ही इतक्या वर्षांनंतरही अडाणीच राहिलो होतो. अशी जनावरं लगेच खाली उतरवली तर पुष्कळदा वाचतात. आता फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब मोजून घेता येतो, मानेच्या शिरेतून नळी घालून. तो दाब मोजल्याशिवाय वळू घ्यायचा नाही, एवढंच मी म्हणत होतो. ऐकून मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तपासणी करून घेतली, दाब जास्त निघाला, वळू घेतला नाही. मला बरं वाटलं, पण त्या पहिल्या वळूची आठवण त्यानंतर आठवडाभर पाठ सोडेना.

गवत यंदा चांगलं साधलं. कापणीनंतर दोन दिवस कडक ऊन मिळालं. ओलं गवत बांधलं तर गंजी आतून तापते आणि कधी कधी आठवड्यांनंतर आपोआप पेट घेते, हे तू इथे आला होतास तेव्हा हात आत खुपसून दाखवलं होतं. आमच्या ४० गाईंना रोज बारा किलोच्या हिशेबाने दिवसाला जवळजवळ पाचशे किलो गवत लागतं आणि असे पाच महिने काढायचे असतात. कुंपणाच्या वरच्या तारा हिवाळ्याआधी खाली सोडून ठेवल्या, म्हणजे बर्फाच्या ओझ्याने खांब मोडत नाहीत आणि रानातल्या हरणांनाही वाट मिळते.

कळप हाकायचं कसब मुलाला लवकर आलं. सुरुवातीला तो मागून ओरडत पळायचा. गाईला अगदी पाठीमागचं दिसत नाही, त्यामुळे तिथून आवाज आला की ती बिथरते. तिच्या खांद्याच्या मागे उभं राहून एक पाऊल जवळ गेलं तर ती पुढे सरते, खांद्याच्या पुढे गेलं तर मागे फिरते. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ बाईंनी हे सगळं चित्रं काढून इतकं स्वच्छ समजावून सांगितलंय, की तीच चित्रं मी त्याच्यासमोर ठेवली. आता तो न बोलता शंभर गाई फाटकातून नेतो. पाहताना डोळे निवतात.

पण तुला खरं सांगायचंय ते त्या रात्रीचं.

साडेबाराला पोरगीचा फोन आला. तिच्या गोठ्यात पहिलटकरीण कालवड अडली होती. पाणमोट फुटून दीड तास झाला तरी एकच पाय आणि नाक दिसत होतं. वासराचे पुढचे दोन्ही पाय आणि त्यावर टेकलेलं नाक, असं आलं तर काळजी नसते. इथे दुसरा पाय गुडघ्यात दुमडून आतच अडकला होता. मुलगा वरच्या कुरणाकडे गेलेला, डॉक्टरांना पोहोचायला दोन तास लागणार. आम्ही निघालो.

अशा वेळी आजवर हीच हात घालत आली. हिचा हात लहान आणि शांत. गोठ्यात शिरल्या शिरल्या हिने सवयीने बाही वर सारली. मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि बाही पुन्हा खाली ओढली. पोरगीला म्हणाली, "साबणाने कोपरापर्यंत धू. हात तुझा, मी सांगते." आणि हिने स्वतःचे हात पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट धरले.

मी दिवा धरला होता, त्यामुळे मला ते हात दिसत होते.

"कळ आली की थांब, भांडू नकोस तिच्याशी. ओसरली की वासराला आत लोट. आणखी. आता पायावरून खाली जा, गुडघा लागला? तो वर आणि बाहेर ढकल. खूर सापडला की तळहातात झाकून घे, उघडा ओढलास तर गर्भपिशवी फाटेल." पोरगीचा गाल गाईच्या पुठ्ठ्याला चिकटलेला, डोळे मिटलेले. दोनदा खूर हातातून निसटला. दुसऱ्यांदा ती रडायच्या बेताला आली. मागे हिच्या बोटांची हालचाल चालू होती. पोरगीने आत जे करायचं ते हिची बोटं हवेत करत होती, दुखत असूनही. पण आवाजात घाई नव्हती.

तिसऱ्या वेळी पाय सरळ झाला. दोऱ्या बांधल्या, एक वेढा घोट्याच्या वर, अर्धा खाली, आणि प्रत्येक कळेबरोबर ओढलं. वासरू बाहेर आलं ते गप्प. पोरगीने त्याला छाती जमिनीला टेकवून बसवलं, गवताची काडी नाकपुडीत फिरवली. ते शिंकलं. कालवडीने मान वळवून इतक्या हळू आवाजात हंबरून त्याला हाक मारली, की तो आवाज मी आजही लिहून दाखवू शकणार नाही.

पहिल्या दोन तासांत त्याच्या पोटात चीक जायलाच हवा. गाईच्या वासराला पोटात असताना आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, सगळी त्या चिकातून मिळते, आणि एका दिवसानंतर आतडी ती घेईनाशी होतात. ही जाण्याआधी वाकली, वासराच्या तोंडात एक बोट घातलं आणि म्हणाली, "बघ, तोंड थंड आहे. हे गरम झालं की समजायचं, जगलं. तोवर इथून हलू नकोस."

घरी परतल्यावर हिने हात गरम पाण्यात बुडवून ठेवले, पहाटेपर्यंत. "मी घातला असता तर दहा मिनिटांत झालं असतं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, हो. झालंच असतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या क्षणी कळलं, मित्रा. वही देता येते, गाई देता येतात. हे मात्र अंधारात शेजारी उभं राहूनच द्यावं लागतं आणि त्याला किती हिवाळे लागतील ते आधी ठरवता येत नाही.

परवा रात्री दोनला जाग आली. खिडकीतून त्यांच्या गोठ्यातला दिवा दिसत होता. ही पण जागीच होती. "जाऊया का?" मी विचारलं. ती म्हणाली, "फोन आलेला नाही." आम्ही दोघं अंथरुणात बसून त्या दिव्याकडे पाहत राहिलो. सव्वातीनला तो विझला.

सकाळी गेलो तर एक तांबडी कालवड चार पायांवर उभी, अंगावरचे केस चाटून चाटून कुरळे झालेले. पोरगी गवतावरच झोपली होती. शेजारी वही उघडी, त्यात तारीख, वेळ, "उजवा पाय मागे, फिरवला" अशी तिच्या अक्षरातली नोंद. हिने तिला उठवलं नाही. वाकून वासराच्या तोंडात बोट घातलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "गरम आहे."

आता ही जागी झालीय, कोट शोधतेय. संध्याकाळचा चारा टाकायला निघायचंय, म्हणून थांबतो. शेजारचं घर दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर खुशाल दे, आमच्यासाठी अडवून ठेवू नकोस. वहिनींना आमचा दोघांचा नमस्कार सांग. बर्फ वितळला की तुम्ही दोघं इकडे या, तोवर वासरं धावायला लागलेली असतील.

तुझाच,
डोंगरावरचा मित्र