तुरुंगातील दिव्यांगांना साधने हक्काने मिळावीत

महोदय,

नोव्हेंबर २०२० मध्ये तळोजा कारागृहात असलेल्या ८३ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामी या आदिवासी हक्क कार्यकर्त्यांना पार्किन्सन या कंपवाताच्या आजारामुळे पेला हातात धरता येत नव्हता, म्हणून त्यांना स्ट्रॉ आणि सिपरसाठी (तोटीच्या पेल्यासाठी) न्यायालयात अर्ज करावा लागला आणि सुनावणीची पुढची तारीख पडली वीस दिवसांनंतरची! जेवण भरवण्याचे आणि आंघोळ घालण्याचे काम सहबंदीच करत होते. एखाद्या माणसाचे पाणी पिणे शेजारच्या बंद्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहावे, ही व्यवस्था नव्हे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे; तुरुंगांनी तो पाळावा, हे जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. माझी मागणी साधी आहे. कारागृहात दाखल होतानाच्या वैद्यकीय तपासणीतच बंद्याला कुबड्या, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची वा कमोड यांपैकी काय लागते याची नोंद व्हावी, ते साधन कारागृह अधीक्षकांनी न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता द्यावे आणि उचलण्या-बसवण्याच्या कामासाठी प्रशिक्षित, पगारी मदतनीस नेमावेत. शिक्षा झालेली असो वा खटला प्रलंबित असो, शौचालयापर्यंत सरपटत जाणे कोणत्याही कलमाखालची शिक्षा नाही.

– एक वाचक, पनवेल