कलकत्त्याचे बॅनर्जी आणि आपला पार

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर डाव काही नीट सांगता आला नाही, बाबांकडं रेंज नव्हती आणि आईला फक्त जेवलास का एवढंच विचारायचं होतं, म्हणून लिहायलोय. जेवलो आई.

संभाजीनगरच्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या राऊंडला समोर सातवी-आठवीतलं पोरगं, माझ्याकडं काळी. त्यानं डी4 केलं, म्हणजे वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढं, मी किंग्ज इंडियन नावाचा बचाव लावला. बाबा, तुम्ही मारुतीच्या पारावर प्यादं एकेक घर सरकवत खेळायचे ना, बरंचसं तसंच दिसतं हे. मधली घरं समोरच्याला देऊन टाकायची, जी6 करून उंट जी7 वर बसवायचा, किल्लेकोट करायचा आणि मग भांडायचं. नावात इंडियन उगंच नाही. 1850 च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा वकील महेशचंद्र बॅनर्जींशी खेळायचा, बॅनर्जी देशी नियमात तयार झालेले, त्यामुळं प्यादी हळू सरकवायचे आणि उंट असे कडेनं काढायचे, ते डाव लिहून ठेवले म्हणून आज सापडतात. पुढं फिशर, कास्पारोव्हसारखे जगज्जेते हेच खेळले. पारावरच्या खेळाला अडाणी म्हणणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांना हे एकदा ऐकवा.

तर पोरानं डी5 करून मधलं सगळं बंद केलं आणि सी5 करून वजिराच्या बाजूनं घुसायला लागला, मी इकडं एफ5, एफ4, जी5 अशी प्यादी त्याच्या राजावर सोडली. मग कोण आधी पोचतंय एवढंच. त्याचा हत्ती आत आलाच होता. पण माझा सी8 चा उंट अख्खा डाव जागचा हलला नव्हता, बघणाऱ्याला वाटतं निकामी पडलाय, खरं तर ह्या लाईनमध्ये तोच सगळ्यात मोलाचा, जाणते पांढरेवाले आपला घोडा देऊन त्याला उचलतात. ह्यानं उचलला नाही. मी त्याच उंटानं एच3 चं प्यादं मारलं, त्यानं उंट मारला, राजा उघडा पडला आणि वजीर आत गेला.

पोरानं लगेच हात पुढं केला, वर मलाच समजावून सांगतंय, काका मी एच3 खेळायलाच नको होतं. बरोबर होतं की त्याचं!

डाव कागदावर लिहून सोबत पाठवलाय, बाबा पट मांडून बघा, पण इथं राजाला घोड्याची उडी नाही बरं का. आई, शेंगदाण्याची चटणी संपली, कुणी इकडं येणार असलं तर पाठव.

तुमचा,
बाळू