मंत्रिमहोदय, तंबोऱ्याला भोपळा कुठून आणू?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी मिरजेतला तंतुवाद्य कारागीर. गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यक्रमात आम्हाला शाल-श्रीफळ मिळालं, आभारी आहे. भाषणांत मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं कौतुक झालं. मग गाणं सुरू झालं आणि गायिकेच्या मागे घुमत होता इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा! आमचे तंबोरे बाहेर, स्टॉलवर, सेल्फीसाठी.

डब्यावर राग नाही. विमानाने फिरणाऱ्यांनी फायबरचाही तंबोरा घ्यावा, आपटला तरी फुटत नाही. मागितला तर मीही बनवून देतो. पण भोपळाच मिळेना म्हणून फायबरकडे वळायचं?

तंबोऱ्याचा खालचा पोकळ, घुमणारा भाग म्हणजे वाळवलेला भोपळा. आमचा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. भाजीचा नव्हे, कडू. वेलीवर फळ धरलं की खाली गवत घालून सरळ बसवायचं, नाहीतर बूड वाकडं होतं. पुढे तो शेतातच वाळतो. तेवढ्यात अवकाळी आला की संपलं. वरून ठणठणीत दिसतो, तोंड कापलं की आत काळी बुरशी. यंदा निम्मा माल असा गेला. निम्म्याहून जास्तच असेल, मोजायचं सोडून दिलं.

शेतकरी भरपाई मागायला गेला तर साहेब विचारतात, "हे पीक आहे का?" आता तो ऊस लावणार. उसाला कारखाना आहे, आमदार आहे. भोपळ्याला कोण?

आम्हाला भोपळे साठवायला शेड मिळणार होती, "महिन्याभरात". भोपळे अजून माझ्या झोपायच्या खोलीत आहेत, आम्ही बाहेर पडवीत. जवारी काढताना, म्हणजे तारांचा झणकार जमवताना, त्या ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची ती कानाने आणि बोटाने. माझी बोटं आता थरथरतात. पोरगा कुपवाडच्या एमआयडीसीत लागला. मी अडवलं नाही, कोणत्या तोंडाने अडवणार?

मिरजेत ही कला सुरू करणाऱ्या फरीदसाहेब शिकलगारांनी हत्यारं सोडून वाद्यं घडवायला घेतली, तेव्हा मिरज संस्थानाचा आधार होता. तुमच्या लोकशाहीत कलेच्या रुपयातले बारा आणे मंडप, बॅनर आणि जेवणावळीत जातात, हे शेंबडं पोरही सांगेल. उरलेले चार आणे फायलीत. सरकार कुठलंही येवो, कंत्राटदार तोच!

भोपळ्याला पीक म्हणा. शेड द्या. सरकारी मैफलीत खरा तंबोरा लावा. आणि पुढच्या सत्काराला मला बोलावू नका. त्या दिवशीची मजुरी बुडते, शालीने ती भरून येत नाही.

आपला,
एक कारागीर, मिरज