गुण देणाऱ्यानेच समुपदेशन करू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. समाजकार्य महाविद्यालयांत त्यातून एक सोपी पळवाट निघू शकते: आपले प्राध्यापक समाजकार्यकर्तेच आहेत, एकाकडे हे काम सोपवून टाकू. हे होऊ नये, म्हणून हे पत्र.

एमएसडब्ल्यूचे (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला जातात. जळीत विभाग, निरीक्षणगृह, कौटुंबिक समुपदेशन केंद्र. समोरची बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगत असते आणि ऐकणाऱ्या मुलीच्या घरातही तेच चाललेले असते. पुढच्या वैयक्तिक चर्चेत रेकॉर्डिंग (क्षेत्रकार्याची लेखी नोंद) वाचताना ती मुलगी रडू लागते. समोर बसलेली पर्यवेक्षक, म्हणजे तिच्या क्षेत्रकार्यावर देखरेख करणारी प्राध्यापक, समुपदेशनात मुरलेली असते. तिला चार प्रश्न जास्त विचारण्याचा मोह होतो. चूक इथेच होते. महिन्या-दोन महिन्यांनी तीच पर्यवेक्षक या मुलीच्या क्षेत्रकार्याला गुण देणार असते. हे कळणारी मुलगी पुढच्या वेळी रेकॉर्डिंगमध्ये फक्त सुरक्षित तेवढेच लिहिते. मग तिच्या कामातली खरी अडचण दिसेनाशी होते आणि त्याची किंमत वस्तीतली माणसे मोजतात.

सीमारेषा आखणे अवघड नाही. ‘या त्रासाचा तुझ्या कामावर काय परिणाम होतोय?’ हा प्रश्न पर्यवेक्षकाचा. त्रासाचे मूळ बालपणात शोधणे त्याचे काम नाही. याचा अर्थ कोरडेपणाने वागावे असा मुळीच नाही. वही मिटावी, १५-२० मिनिटे नुसते ऐकावे. झोप, जेवण, खोलीवर सोबत कोण आहे, हे विचारावे. काय गुप्त ठेवता येईल आणि काय नाही, हे मुलीने सगळे सांगून टाकण्याआधी स्पष्ट करावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ आले, तर तिला एकटे सोडू नये, सोबत जाऊन मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचवावे.

एरवी नंबराची चिठ्ठी हातात देऊन भागत नाही. संमती घेऊन तिच्यासमोरच समुपदेशकाला फोन लावावा, त्याच आठवड्यातली वेळ ठरवावी. नंतर ‘गेलीस का?’ एवढेच विचारावे, ‘काय बोलणे झाले?’ हे नाही. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. नोंदीत तारीख, कुठे पाठवले आणि पुढची भेट एवढेच असावे, आणि ती नोंद गुणांच्या फाइलपासून वेगळी ठेवावी.

दयेपोटी क्षेत्रकार्याचे तास माफ करणे हीसुद्धा मदत नव्हे. संस्था बदलून द्यावी, तास पुढे ढकलावेत, पण काम पूर्ण करून घ्यावे. अर्धवट तयारीची कार्यकर्ती उद्या एखाद्या पीडितेसमोर बसणार आहे.

लहान गावांतल्या महाविद्यालयांत माणसे कमी, हे मान्य. तिथे जवळच्या जिल्हा रुग्णालयाशी किंवा दुसऱ्या महाविद्यालयाशी लेखी व्यवस्था करता येईल: तुमचे विद्यार्थी आमच्याकडे, आमचे तुमच्याकडे. गुण कोण देणार आणि मन मोकळे कुणाकडे करायचे, ही दोन वेगवेगळी नावे क्षेत्रकार्याच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापावीत आणि उद्बोधन वर्गात वाचून दाखवावीत.

– समाजकार्य शिक्षक, पुणे